पाचशे स्लाइस, वीस चौकोन

(दृश्य : अंधारी खोली, लाल दिवा)

हा लाल दिवा आज कॅमेऱ्यासाठी लावलाय. एरवी इथे बादल्या आणि मोडक्या खुर्च्या असतात. नाशिकच्या एका रुग्णालयातली ही एक्स-रेची जुनी डार्करूम. मामांनी, म्हणजे इथल्या सर्वांत जुन्या टेक्निशियननी, फिल्म अडकवायचा हँगर उचलला आणि हात आपोआप चालू लागले. आधी डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन. पाण्यात एक बुचकळी. मग चित्र पक्कं करणारा फिक्सर, वाहतं पाणी, आणि दोरीवर कपडे घालावेत तशी फिल्म वाळत घालायची. नाशिकच्या थंडीत डेव्हलपर गारठला की चित्र उमटायचंच नाही. मग टाकीभोवती गरम पाणी ओतत बसायचं. फिल्मवरची न वापरलेली चांदी फिक्सरमध्ये उतरते, म्हणून जुना फिक्सरही कुणी फेकत नसे, तो न्यायला माणूस यायचा. चांदीच्या भांड्यांचं गाव हे, चांदी मोरीत कशी जाईल!

(दृश्य : पडद्यावर उमटणारी छाती)

आता बटण दाबलं की काही सेकंदांत छाती समोर. तिथून चित्र जातं पॅक्समध्ये, म्हणजे रुग्णालयाच्या चित्रांच्या कोठारात. पूर्वी एका कंपनीच्या मशीनचं चित्र दुसऱ्या कंपनीच्या मशीनला उघडत नसे. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या आणि यंत्र बनवणाऱ्यांच्या संघटनांनी १९८५ मध्ये सगळ्यांसाठी एक मानक काढलं. १९९३ पासून ते डायकॉम म्हणून चालतं. चित्राबरोबर त्याच फाइलमध्ये पेशंटचं नाव, नंबर, तारीख असते. म्हणून तर मशीनवरचा हा मुलगा वर्कलिस्टवरचं, म्हणजे पेशंटच्या यादीतलं, नाव दोनदा वाचतोय. 'सुशीला'चं स्पेलिंग बदललं आणि नंबरही चुकला, की कोठारात दोन सुशीला तयार.

(दृश्य : माउस फिरतोय, चित्र बदलतंय)

ही बघा गंमत. सीटी स्कॅनची एकच स्लाइस, म्हणजे शरीराच्या एका कापाचं चित्र. ५१२ बाय ५१२ ठिपके, साधारण अर्धा एमबी. माउस ओढला, फुप्फुस दिसलं. पुन्हा ओढला, फुप्फुस काळं झालं आणि बरगड्या उठून आल्या. चित्र तेच. अशा पाचशे स्लाइस म्हणजे पाव जीबी, एका पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतील. फिल्मवर मात्र छापलं ते छापलं. माउस ओढायला जागाच नाही.

(दृश्य : काउंटर, आजींच्या हातातलं पाकीट)

पेठहून पहाटेच्या एसटीने आलेल्या या आजी. मागच्या वर्षीचं सीटी दुसऱ्या रुग्णालयातलं, तिथलं कोठार इथे उघडत नाही. आजींना तेव्हा मिळाली ती ही फिल्म. तिच्यावर पत्त्यातल्या पानांएवढे वीस चौकोन. बाकीच्या स्लाइस तिकडेच राहिल्या. सीडी दिली असती तर? मागितली नाही म्हणून दिली नाही, एवढंच उत्तर मिळालं.

मामांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. एसटीत पाकीट दुमडलं होतं. घडी बरोबर उजव्या फुप्फुसावरून गेलीय.

आजींचं सीटी पुन्हा काढायचं ठरलं. नंबर चौदावा.