क्रिएटिनिन नॉर्मल आलं, तरीही...

श्रोतेहो, नमस्कार. सांगली-मिरजेला तपासून आलेला मधुमेहाचा पेशंट घरी सांगतो, "किडनी ओके आहे, क्रिएटिनिन नॉर्मल आलंय." क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ; रक्त तपासून तो मोजतात. तो नॉर्मल म्हटल्यावर घरातले निर्धास्त होतात. माझं म्हणणं एवढंच, की इतक्यात निर्धास्त होऊ नका.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांत मिळून साधारण वीस लाख सूक्ष्म गाळण्या असतात. काही निकामी झाल्या तर उरलेल्या त्यांचं काम ओढतात. त्यामुळे जवळजवळ निम्मी ताकद गेली तरी क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. दुखत नाही, पायाला सूज नाही, लघवीही व्यवस्थित होते. पण वाढलेल्या शुगरनं गाळणीची जाळी सैल झालेली असते आणि अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीतून झिरपू लागतं.

ते पकडणारी तपासणी म्हणजे लघवीची एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण. आकडा 30 च्या आत असला तर ठीक. 30 ते 300 मध्ये आला, तर नुकसानीची ही सुरुवात असू शकते. लघवीच्या साध्या पट्टीवर ती बऱ्याचदा दिसत नाही. टाइप टू मधुमेहात ही तपासणी निदान झालं तेव्हाच करायची, मग दरवर्षी. कारण आजार कळण्याआधी कित्येक वर्षं शुगर वाढलेली असू शकते.

एकदा आकडा वाढला म्हणून घाबरू नका हं. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, किंवा आदल्या दिवशी उसाच्या फडात अंग मोडेपर्यंत केलेलं काम, यानंही तो वाढतो. तीन ते सहा महिन्यांत केलेल्या तीन तपासण्यांपैकी दोन वाढलेल्या आल्या, तरच ते खरं धरतात.

या टप्प्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे. शुगर ताब्यात ठेवायची, बीपी शक्यतो 130/80 च्या खाली. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या गोळ्या बीपी तर उतरवतातच, शिवाय ही गळतीही कमी करतात. म्हणून बीपी उतरलं की आपल्या मनानं त्या सोडू नका. एम्पाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची औषधं मूत्रपिंडाची झीज मंदावतात. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात मार्च 2025 मध्ये संपलं आणि किंमत बरीच उतरली. महाग म्हणून पूर्वी नको म्हटलं असेल, तर डॉक्टरांना पुन्हा विचारा.

आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी? ही वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाला त्रासदायक ठरू शकते; रोज तर मुळीच नको.

एसीआरला उपाशी राहावं लागत नाही. सकाळची पहिली लघवी लॅबमध्ये द्या.