आरएक्स १०० चं हँडल: उंची वाढली की केबल ओढल्या जातात

यामाहा आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक गाड्यांचं हँडल कधी ना कधी वाकून सरळ केलेलं असतं. वाकलेलं हँडल ठोकून पुन्हा वापरू नये; जिथे ते वळलं तिथेच पुढे चीर जाते.

नवं घेताना जाडी मोजा. हँडल धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पमध्ये आणि मुठींखाली २२ मिलिमीटर हवी.

टाकीवर आधी जाड गोधडी टाका. सुटलेला स्विच लोंबकळत नेमका टाकीवरच आपटतो. डावी मूठ चिकटून बसली असेल, तर बारीक स्क्रूड्रायव्हर आत सरकवून साबणाचं पाणी सोडा आणि पिळा. क्लॅम्पचे चारही बोल्ट गंजलेले असतील, तर आदल्या रात्रीच त्यांना तेल सोडून ठेवा.

आता स्विचच्या आतल्या बाजूला बघा. तिथे एक छोटा खिळा असतो. तो हँडलच्या भोकात बसतो आणि स्विच फिरू देत नाही. बाजारातल्या बऱ्याच हँडलना ते भोकच नसतं. मग खिळा घासून टाकला जातो, आणि हॉर्न दाबला की अख्खा स्विच फिरतो. खिळा तसाच ठेवा. स्विच जागेवर धरून खूण करा आणि त्याच्या मापाचं भोक पाडा. भोकाची आणि उजव्या टोकाची धार कानशीनं मोडा, नाहीतर ॲक्सिलरेटरची नळी अडकते.

क्लॅम्पच्या टोपीवर टिंब असेल तर ते पुढे. आधी पुढचे बोल्ट पूर्ण आवळायचे, मग मागचे. फट मागेच राहते. ती बुजवायच्या नादात आटे मरतात. टिंब नसेल तर दोन्हीकडे सारखी फट ठेवा.

खरी मेख पुढे आहे. या टू-स्ट्रोक गाडीची ॲक्सिलरेटर केबल टाकीखाली दुभागते: एक तार कार्ब्युरेटरला, दुसरी इंजिनला तेल पुरवणाऱ्या ऑईल पंपाला. हँडल उंच झालं की केबल ताणली जाते आणि वळताना रेस आपोआप वाढते. त्यावर पंपाकडची तार ढिली करणं हा सर्रास चालणारा आणि सगळ्यात महागात जाणारा उपाय. पंप उशिरा उघडतो, पूर्ण रेसला तेल कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. उंच हँडलला लांब केबलच हवी. बसवल्यावर आधी मुठीला दोन ते पाच मिलिमीटर ढील ठेवा, मग पंपाच्या पुलीवरची खूण जुळवा. क्रम उलटा केला तर जुळवलेली खूण पुन्हा हलते.

आता गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळवा. रेस जराही बदलली तर केबलचा मार्ग चुकलाय. क्लच आणि पुढचा ब्रेकही याच स्थितीत दाबून बघा. आरएक्सला पुढे ड्रम आहे, म्हणजे तिथेही केबलच. हेडलाइटच्या वाटीत जाणाऱ्या वायर ताणल्या जात असतील तर जोड देऊन लांबी वाढवा, पण जोड वाटीच्या आतच ठेवा. बाहेर पावसाचं पाणी त्यात शिरतं.