तीव्र मध्यम आणि पत्र्याचा कारखाना

(मिरजेतील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार.

संयोजकांनी फोन करून विषय विचारला, तेव्हा मी ‘हेवी मेटल’ एवढंच सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्यांनी अदबीने विचारलं, “म्हणजे कुपवाडच्या एमआयडीसीबद्दल बोलणार का?” सभागृहातल्या निम्म्या लोकांची अजूनही तीच समजूत असावी. तुमचं फार चुकलेलं नाही. हेवी मेटल म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचं दणदणीत संगीत, आणि ते एका कारखान्यातूनच सुरू होतं, फक्त तो कारखाना इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मी थोडा घाबरलोय. हे अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं, आणि इथे मी विकृत वाटणाऱ्या गिटारची वकिली करायला उभा आहे. पण वकिली मला सवयीची झालीय, कारण गेली कित्येक वर्षं मी ती एका माणसासमोर करतोय. तो माझा मित्र. नाव सांगत नाही, तिसऱ्या रांगेत बसलाय. भावगीत, गझल, झालंच तर बासरी. त्याच्या घरातल्या आवाजाचं बटण निम्म्याच्या पुढे गेलेलं मी पाहिलेलं नाही. कॉलेजात तानपुरा धरायचा, आणि तो असा जुळवायचा की गाणारा खूश होऊन दोन ताना जास्त घ्यायचा.

अशा माणसाला मी पहिल्यांदा काय ऐकवलं असेल? स्लेअर, म्हणजे भयंकर वेगाने वाजवणारा एक मेटल बँड. 1986 सालचा त्यांचा अल्बम आहे, दहा गाणी अर्ध्या तासाच्या आत संपवणारा. मला तो प्राणप्रिय, म्हणून त्यालाही आवडणार, हा माझा हिशेब. त्याच्याच दिवाणखान्यात लावला, आणि पूर्ण आवाजात लावला. दुसऱ्या गाण्याला वहिनी आतून आल्या आणि म्हणाल्या, “भावजी, मिक्सर बिघडला की काय?” मित्र काहीच बोलला नाही. उठला, खिडकी बंद केली. शेजाऱ्यांसाठी.

पाहुणा घरी आला की पहिल्या घासाला कोणी ठेचा वाढत नाही. मी वाढला होता. आवडीच्या बाबतीत आपण हा आडमुठेपणा नेहमीच करतो: आपण वीस वर्षांत जिथे पोहोचलो तिथे समोरच्याला एका संध्याकाळीत उचलून नेऊन ठेवायचं. पुढची दोन वर्षं त्याच्यासमोर मी हा विषय काढला नाही.

दुसऱ्या खेपेला शहाणपण आलं होतं. पावसाळ्याची रात्र, आम्ही दोघंच. या वेळी मी सगळ्यात जुनं गाणं लावलं. ब्लॅक सबाथ या बँडचं, त्याच नावाच्या अल्बममधलं, त्याच नावाचं गाणं. तारीख 13 फेब्रुवारी 1970, वार शुक्रवार. बहुतेक लोक हेवी मेटलची जन्मतारीख हीच धरतात. सुरुवातीला फक्त पाऊस, मग लांबून घंटा, मग गिटार. आणि गिटार किती संथ! एकूण तीन स्वर: सा, वरचा सा, आणि मग खाली उतरून एक स्वर, त्यावर बोट थरथरत ठेवलेलं.

मित्राने मान वर केली. “तीव्र मध्यम आहे हा.”

बरोबर ओळखलं होतं. तीव्र मध्यम म्हणजे नेहमीच्या मध्यमापेक्षा जरा चढा म. सा आणि तीव्र मध्यम यांमधल्या अंतराला युरोपातल्या जुन्या संगीतपंडितांनी ‘संगीतातला सैतान’ असं नाव ठेवलं होतं. चर्चने त्यावर बंदी घातली होती, गाणाऱ्याला शिक्षा व्हायची, वगैरे जे सांगतात ती दंतकथा समजा. नाव मात्र खरं आहे. आता गंमत पाहा. त्यांचा सैतान तो आपल्या यमनातला सज्जन. संध्याकाळी देवापुढे दिवा लावावा तितका सात्त्विक. स्वर एकच, मग फरक कुठे पडला? यमनातला तीव्र मध्यम पंचमाकडे निघालेला असतो, त्याला घर समोर दिसत असतं. इथे तो उंबऱ्यावरच थांबलाय, आत कोणी घेत नाही आणि परतही जाता येत नाही. मित्र त्याच्या भाषेत म्हणाला, “संध्याकाळ झालीय, पण कोणी दिवा लावलेला नाही.” हेवी मेटलवर मी बरंच वाचलंय. याच्याइतकं नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

तर हे तीन स्वर वाजवणारा माणूस, टोनी आयोमी. त्याची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हे संगीत कळत नाही असं माझं मत आहे.

बर्मिंगहॅम म्हणजे भट्ट्या, प्रेस, मोटारींचे सुटे भाग. ब्लॅक सबाथच्या चौघांपैकी गायक ऑझी ऑस्बर्नने कत्तलखान्यात काम केलं, एका कारखान्यात गाड्यांचे हॉर्न जुळवायचंही काम केलं. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. वय 17. एका बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलं म्हणून त्याने नोकरी सोडली, आणि तो शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायचा विचारच नव्हता. आई म्हणाली, हातातलं काम पुरं करून ये. आई ती आई, बर्मिंगहॅमची काय नि बुधगावची काय. हा गेला. त्या दिवशी प्रेसवरचा कामगार आला नव्हता, म्हणून याला तिथे उभं केलं. प्रेस खाली आला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं.

आयोमी डावखुरा. म्हणजे त्याचा उजवा हात तारा दाबण्याचा. तारा दाबायच्या चार बोटांतली दोन गेली. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. मग त्याच कारखान्यातला एक वरिष्ठ त्याच्या घरी एक रेकॉर्ड घेऊन आला. हा म्हणाला, मला ऐकायचं नाही. तो म्हणाला, आधी ऐक तर. रेकॉर्ड जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाची होती. राइनहार्टचा डावा हात आगीत भाजला होता, आणि जलद सुरावटी तो मुख्यतः दोन बोटांवर वाजवायचा.

पुढचं काम कारखान्यातल्या पोराचंच. भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, गोळा केला, सोल्डरिंगच्या तापलेल्या खिळ्याने त्यात बोट जाईल एवढं भोक पाडलं, पॉलिशपेपरने घासत बसला. टोपणं बसली, पण तारेवरून घसरायची. मग एका जुन्या जॅकेटचं चामडं कापून वर चिकटवलं. कातडीची जाणीव गेलेली, म्हणून तारा किती दाबल्यात हे बोटाला कळत नव्हतं, कानाने ओळखायचं. त्या काळी गिटारच्या तारा जाड, त्या दाबताना दुखायचं. बारीक तारा बाजारात मिळेनात, तर बँजोच्या लावल्या. पुढे 1971 च्या तिसऱ्या अल्बमपासून अख्खी गिटारच तीन अर्धस्वरांनी खाली उतरवली. ताण कमी झाला, बोटांना आराम पडला. आणि खाली उतरलेल्या, सैलावलेल्या तारेतून जो भरदार, जडशीळ नाद निघाला, तो आज जगभरचे बँड मुद्दाम, धडधाकट बोटांनी काढतात.

हे सांगताना मला तुमच्या गावचे शिकलगार आठवतात. हत्यारांना धार लावणारी माणसं. हत्यारांचा काळ सरला तसे फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू सतार-तानपुऱ्यांकडे वळले, साधारण 1850 च्या सुमाराला. लोखंड घासलेले हात भोपळ्यावर आले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्या हातांमुळे. बर्मिंगहॅमशी याचा काही संबंध नाही. मला आठवलं म्हणून सांगितलं.

संबंध आहे तो तानपुऱ्याचा. मित्राचा खरा अडसर होता तो हा: “ती गिटार अशी फाटक्या आवाजात का वाजते? साफ का नाही वाजवत?” मी त्याला विचारलं, तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा कशाला घालतोस? तो काढून टाक, तार साफ वाजेल. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

इथे बसलेल्यांना जवारी शिकवायची म्हणजे काकीला पुरणपोळी शिकवण्यासारखं. तरी सांगतो. दोरा केसभर पुढे-मागे सरकवत गेलं की एका जागी तार एकदम उमलते. छेडला असतो एक सा, पण त्यातून वरचे स्वर धूर निघावा तसे निघतात, नीट लक्ष दिलं तर न छेडलेला गंधारही ऐकू येतो. हे होतं कारण तार घोडीला घासत कंप पावते. इलेक्ट्रिक गिटारचं डिस्टॉर्शन हेच काम विजेने करतं. अँप्लिफायरला झेपेल त्याहून जास्त संदेश त्यात कोंबायचा. नादाच्या लाटेचे शेंडे छाटले जातात, आणि छाटलेल्या लाटेतून मुळात नसलेले वरचे स्वर जन्माला येतात. नाद दाट होतो, लांबतो, सारंगीसारखा टिकून राहतो.

मात्र त्यात एक अडचण येते. अशा दाट नादात सा-ग-प असा भरलेला कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेला स्वरांचा गुच्छ, वाजवला तर चिखल होतो, स्वर एकमेकांच्या अंगावर पडतात. म्हणून मेटलवाल्यांनी गंधार काढून टाकला. उरला सा, प आणि वरचा सा. याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. आपल्याकडे तानपुऱ्यावर हेच स्वर जुळवतात, हे सांगायला नको. गंधारच नाही म्हटल्यावर तो शुद्ध की कोमल हा प्रश्नही गेला, कॉर्ड ना हसरा ना रडवा. पुढे कोमल रिषभ आला की अंगावर येतो, आणि या मंडळींना कोमल रिषभाचं भारी वेड. भैरवीच्या थाटातले स्वर घेऊन किती बँडनी संसार केले असतील याची गणती नाही.

त्या रात्री मित्राने इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढून गिटारशेजारी ठेवला. तासभर दोघंही बोललो नाही.

आता गळा. गाणारा ओरडतो का? सगळे ओरडत नाहीत. जूडास प्रीस्ट या बँडचा रॉब हॅलफर्ड, आयर्न मेडन या बँडचा ब्रूस डिकिन्सन, रॉनी जेम्स डिओ ही तार सप्तकात कमावलेल्या गळ्याने गाणारी माणसं आहेत. डिओची एक गोष्ट चालता चालता. मेटलच्या मैफलीत पोरं दोन बोटांची शिंगं करून हात वर करतात, त्याला आपल्याकडे सैतानपूजा वगैरे समजतात. ती खूण डिओने लोकप्रिय केली, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती त्याने आजीकडून उचलली. इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून तसा हात करायची. मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या ऐवजी. वहिनींना हे सांगितल्यापासून त्यांचा विरोध पुष्कळ मावळला.

राहिलं ते खोल गुरगुरणं. स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, त्याही कंपात आणून तो आवाज काढतात. तिबेटी भिक्खूंच्या खर्जातल्या पठणातही त्यांचाच वापर होतो. हे शास्त्र मित्राला पटलं, आवाज नाही पटला. अजूनही पटलेला नाही. मी नाद सोडला.

मवाळ कानांना सुरुवात कुठून करून द्यावी, असं मला पुष्कळ जण विचारतात. नेहमीचं उत्तर असतं मेटॅलिका या बँडचं 1991 चं ते प्रसिद्ध संथ गाणं, ‘नथिंग एल्स मॅटर्स’. सुरुवातीला एकही तार न दाबता, मोकळ्या तारांवर बोटं फिरतात, मागे ऑर्केस्ट्रा आहे, सगळं गोड. माझा त्याला विरोध आहे. मित्राला ते लगेच आवडलं, पण भावगीत म्हणून आवडलं. तेवढं ऐकून तो दारातूनच परत गेला. त्यापेक्षा त्यांचंच 1984 चं ‘फेड टू ब्लॅक’ घ्या. साध्या गिटारवर सुरू होतं, कडव्यागणिक वजन वाढत जातं, शेवटी द्रुत. विलंबितात बसलेला माणूस द्रुतात कधी पोहोचला हे त्यालाच कळत नाही. बडा ख्याल ऐकणाऱ्याला याहून वेगळं काही लागत नाही.

आणि मोठ्या आवाजाचं म्हणाल, तर हा माझा मृदू मित्र विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशासमोर दोन-दोन तास हलत नाही. छातीत धडका बसतात, तेच त्याला हवं असतं. फक्त कागदावर त्याला संगीत म्हणत नाही तो.

एकदाच त्याला मैफलीला नेलं. 1 फेब्रुवारी 2008, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडन. रात्रीच्या महालक्ष्मीने निघालो, त्याने गळ्यापर्यंत स्वेटर घातलेला. माझ्या पिढीचं मेटल खरं धोबी तलावच्या रंगभवनात वाढलं. 1986 पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव व्हायचा, पुढे शांतता क्षेत्र म्हणून ते खुलं नाट्यगृहच गप्प झालं. ते मला त्याला दाखवता आलं नाही. मेडनच्या गर्दीत एक पोरगा धक्क्याने पडला, तर चार काळ्या टी-शर्टवाल्यांनी त्याला काखेत धरून उचललं, चष्मा शोधून दिला आणि परत धक्काबुक्की सुरू. मित्र माझ्या कानात ओरडला, “दहीहंडीच आहे की रे!” गिटारची सुरावट पब्लिक आ-कारात गायला लागलं, तेव्हा तोही गात होता. सुरात गात होता. त्या गर्दीत तेवढा एकच.

त्याला मेटल आवडतं का? नाही. विचारून बघा, तिसरी रांग. पण मागच्या जुलैत रात्री अकराला त्याचा फोन आला. लाइट गेली होती, बाहेर पाऊस लागला होता. म्हणाला, “अरे, ते सा-सा-म वालं पाठव ना, घंटेचं.”

पाठवलं. आता तेच तुम्हाला ऐकवतो. मागचे दोन दिवे जरा बंद करा. आवाज निम्म्यावर ठेवलाय, तिसऱ्या रांगेतून तशी चिठ्ठी आलीय.