ताडपत्रीचं जॅकेट: स्टोन आयलंड हा कपड्यांचा ब्रँड सुरू कसा झाला

हे जॅकेट नीट बघा. बाहेरून लाल, आणि बाही दुमडली की आतून निळं. अस्तर नाहीये, एकच कापड आहे. शिवणीवर, कॉलरच्या कडेला, खिशाच्या टोकांना रंग उडालाय ना, तो वापरून उडालेला नाही, उडवलाय.

आणि कापड कुठलं, तर ट्रकवर टाकतात ती ताडपत्री. आपल्याकडे कांद्याच्या ढिगावर टाकतात तिची लांबची बहीण म्हणा, फक्त ही जाड कॉटनची.

हे शहर बोलोन्या, उत्तर इटली. हे जॅकेट घडवणारा मास्सिमो ओस्ती इथलाच. फॅशनचं शिक्षण शून्य, माणूस ग्राफिक डिझायनर, जाहिरातीतला. सुरुवात टी-शर्टवर छपाई करण्यापासून, तीही कागदावर करतात तशी चार रंगांची. 1971 मध्ये चेस्टर पेरी नावाने ब्रँड काढला, पण हे नाव चेस्टर बॅरी आणि फ्रेड पेरी या दोन ब्रिटिश ब्रँड्सना खटकलं, प्रकरण कोर्टात गेलं, मग 1978 मध्ये नाव झालं सी. पी. कंपनी.

आता ही कपाटं. सैन्याचे कोट, कामगारांचे युनिफॉर्म, जुन्या बाजारातून उचललेले, असे हजारो नग त्याने जमवले. एखादा खिसा आवडला की त्याची सरळ झेरॉक्स काढायची, कॉलर दुसऱ्या कोटाची, तिचीही झेरॉक्स, मग कात्री आणि चिकटवाचिकटवी. स्केच काढत बसणारा डिझायनर नव्हताच हा, आणि मला वाटतं म्हणूनच त्याचं लक्ष कपड्याच्या फिगरपेक्षा कापडावर गेलं.

रंगाचं तर वेगळंच. सगळे आधी कापड रंगवतात, मग शिवतात. ओस्ती आधी कोऱ्या कापडाचा अख्खा कपडा शिवून घ्यायचा, बटणं-बिटणं सगळं, आणि मग तो रंगात बुडवायचा. ऐकायला सोपं आहे, पण गरम रंगात कपडा आटतो, कॉटन वेगळं आटतं, नायलॉन वेगळं, म्हणजे कटिंगच्या वेळीच माप वाढवून धरायचं, आणि किती वाढवायचं ते प्रत्येक कापडाला नव्याने शोधायचं. शिवाय दोन जातींचे धागे एकाच रंगात टाकले तरी शेड सारखी येत नाही. इचलकरंजीत कुणाही डाईंगवाल्याला विचारा, तो याला डोकेदुखी म्हणेल. ओस्तीला तीच गंमत वाटली.

मग हाती आली ताडपत्री. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या रंगाचं रेझिन, म्हणजे कडक लेप, चढवलेलं, इतकी कडक की अंगात घालणं अवघड. तिला पाण्यात आणि एन्झाइम्समध्ये भरपूर वेळ घोळवलं, स्टोनवॉश केलं, तेव्हा ती मऊ पडली आणि समुद्रावर वर्षानुवर्षं ऊन-खारं वारं खाल्लेल्या कपड्यासारखी दिसायला लागली. नाव ठेवलं तेला स्तेल्ला. पण सी. पी. कंपनीच्या बाकीच्या मालात हे कापड बसेचना. बसेना तर बसेना, त्याच्यासाठी वेगळा ब्रँडच काढला! 1982, स्टोन आयलंड, पहिलं कलेक्शन फक्त सात जॅकेट्सचं.

म्हणजे ब्रँडने कापड शोधलं नाही, कापडाने ब्रँड जन्माला घातला.

1987 चं हे आइस जॅकेट, थंडी लागली की रंग बदलतं. थोडा वेळ नुसतं बघा.

पुढचं थोडक्यात: 1983 मध्ये तुरीनच्या जीएफटी या कपड्यांच्या बड्या कंपनीने ओस्तीच्या कंपनीत अर्धा वाटा घेतला आणि तिथला कार्लो रिवेत्ती आला, मिलानची पोरं वेडी झाली, मग ब्रिटनमधले फुटबॉलवाले, नव्वदीच्या मध्यावर ओस्ती बाहेर पडला, 2005 मध्ये वारला, आणि 2020 मध्ये मॉंक्लेअर या महागड्या जॅकेट्सच्या ब्रँडने एक अब्ज युरोच्या वर किंमत लावून स्टोन आयलंड घ्यायचं ठरवलं.

डाव्या बाहीवरचा हा होकायंत्राचा बॅज, आज लोक यासाठीच पैसे मोजतात. दोन बटणांवर टिकलेला आहे. एक काढलं. दुसरं काढलं.

आता परत जॅकेट बघा.