पेट्रोल नेमकं कुठं अडलंय?

नमस्कार श्रोतेहो. जुलैचा पाऊस लागला की कोल्हापुरात कुठल्याही गल्लीत सकाळी एक देखावा हमखास दिसतो. स्कूटर मेन स्टँडवर, मालक घामाघूम होऊन किक मारतोय, आणि शेजारचा ठामपणे सांगतोय, "कार्बोरेटर गेलाय मर्दा, खोलून घे!"

या सल्ल्याशी माझं भांडण आहे. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. तो खोलणं हे सगळ्यात शेवटचं काम. त्याआधी पेट्रोल टाकीतनं निघून कुठवर पोचलंय ते बघायचं. पुष्कळदा दोष वाटेतच सापडतो. अर्थात, 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे प्रदूषणाचे नवे नियम आले आणि नव्या स्कूटरमध्ये कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन बसलं. त्या गाड्यांना हे लागू नाही. पण त्याआधीच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर अजून भरपूर आहेत.

तर आधी इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढा. ओला निघाला, पेट्रोलचा वास आला, म्हणजे पेट्रोल पोचतंय. मग ठिणगीचा दोष असेल, किंवा चोक, म्हणजे गार इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी कळ, ओढून ओढून पेट्रोल जास्त झालं असेल. प्लग पुसा, जरा वेळ वाऱ्याला ठेवा, चोक न लावता किक मारा. प्लग कोरडा ठाक निघाला, तर टाकीकडं वळा.

टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक वाट असते. ती चिखलानं बुजली की पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. याची खूण अगदी ठरलेली. गाडी झकास सुरू होते, कावळा नाक्यावरून शिरोलीच्या दिशेनं निघता, आणि मध्येच दम टाकते. थोडं थांबलं की पुन्हा चालू. अशा वेळी झाकण उघडा. फुस्स आवाज झाला आणि गाडी चालू झाली, तर गॅरेजला जायचं कारणच उरलं नाही. कित्येक स्कूटरचा पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीची तोटी, इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर उघडतो. त्याची बारीक रबरी नळी चिरली किंवा निसटली तरी पेट्रोल बंद. तीही बोटानं चाचपून बघा.

आता पावसाळ्याचा खरा त्रास, पाणी. कार्बोरेटरच्या तळाला पेट्रोल साठणारी वाटी असते, तिच्यात पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट तरंगतो. या वाटीला पेट्रोल काढून टाकायचा एक ड्रेन स्क्रू असतो. इंजिन गार असू द्या, आसपास विडी-काडी नको. खाली काचेची बाटली धरा आणि स्क्रू सैल करा. आलेलं पेट्रोल पाच मिनिटं हलवू नका. मग बाटली उजेडात तिरकी करा. तळाशी पाऱ्यासारखे लोळणारे थेंब दिसले, तर ते पाणी. पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी जेटच्या तोंडाशी हेच बसतं.

हे पाणी फक्त पावसाचंच असतं असं नाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल फार झाली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतं आणि तळाला बसतं. इथेनॉल उसाचं, ऊस आपलाच, तेव्हा तक्रार तरी कुणाकडं करणार! गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा. आत हवा कमी, तेवढी ओल कमी. आणि फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवा, म्हणजे जेटमध्ये चिकट थर धरत नाही.

एवढं बघूनही भागलं नाही, तरच जेट. चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते, तर बहुधा स्लो जेट, म्हणजे कमी रेसला पेट्रोल देणारा, तुंबलाय. जागेवर बरी चालते, पण पन्हाळ्याच्या चढाला पूर्ण रेस दिली की गुदमरते, तर जास्त रेसला पेट्रोल देणारा मेन जेट बघा. प्लग काजळी धरून काळा होत असेल तर जेट सोडा, आधी एअर फिल्टर काढून बघा. स्लो जेटचं भोक केसाएवढं असतं; उजेडाकडं धरलं तर आरपार ठिपका दिसला पाहिजे. त्यात टाचणी किंवा स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ, भोक मोठं झालं की ॲव्हरेज गेलं. क्लीनरचा फवारा आणि कॉम्प्रेसरची हवा पुरते.

ओव्हरफ्लोच्या नळीतनं पेट्रोल टपकत असेल, तर मात्र घरी खटपट नको. वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या पिनखाली कचरा अडकलाय किंवा पिन झिजलीय. तशी गाडी सुरू करू नका, ढकलत न्या.

आणि गॅरेजात गेल्यावर "कार्बोरेटर साफ करा" असं सांगू नका. प्लग ओला होता की कोरडा, गाडी गार असताना रुसते की तापल्यावर, चोकवर कशी चालते, एवढं मिस्त्रीला सांगा. नमस्कार.