एका दिवसाची मजुरी

(पडदा काळा. रेडिओची खरखर. मग उघडेबोडके डोंगर, पत्र्याच्या घरांच्या रांगा.)

बोलिव्हियातली सिग्लो बेइन्ते ही कथिलाची खाण. अँडीजमध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटर उंचीवर. स्पॅनिशमधल्या या नावाचा अर्थ ‘विसावं शतक’. कामगारांना राहायला एकेका खोलीची घरं, त्यात अख्खं बिऱ्हाड. दगड फोडताना उडणारी धूळ फुप्फुसात साचायची आणि ऐन उमेदीतली माणसं खोकून खोकून जायची.

याच माणसांनी स्वतःचा रेडिओ उभा केला. दर महिन्याला एका दिवसाची मजुरी त्यासाठी बाजूला काढायची, असं संघटनेच्या सभांमध्ये ठरलं. खोकला झालेल्या बापानं, पोरांच्या भाकरीतून काढलेला तो पैसा होता. म्हणून ‘ला बोस देल मिनेरो’, म्हणजे ‘खाणकामगाराचा आवाज’, हे नाव त्या केंद्राला शोभत होतं.

1952 च्या क्रांतीनंतर मोठ्या खाणी सरकारजमा झाल्या. खाणीखाणीत संघटनांची केंद्रं निघाली, वीसहून अधिक. त्यांवरून रोज काय लागायचं? कुणाचं पत्र आलंय, फुटबॉलचा सामना कधी, सभा किती वाजता. लोक येऊन क्वेचुआत बोलायचे, आयमारात बोलायचे, आपल्या घरच्या भाषेत. गृहिणींनी 1961 मध्ये आपली समिती स्थापली आणि दुकानात साखर का नाही, औषध का नाही, हे जाब त्याही माइकवरून विचारू लागल्या. मला तर या केंद्रांचं खरं मोठेपण संपाच्या घोषणांपेक्षा या रोजच्या बोलण्यात दिसतं. ज्या केंद्रावर आपल्या आईचा निरोप ऐकलाय, त्याच्यासाठी माणूस जीव द्यायला उभा राहतो.

1959 मध्ये इथं पाद्रीही रेडिओ घेऊन आले. ‘पियो दोसे’ हे त्यांचं केंद्र. कामगारांना साम्यवादापासून दूर नेणं हा हेतू. पण ते वस्तीतच राहिले, आजारी माणसांच्या उशाशी बसले, मयती पाहिल्या. हळूहळू त्यांचं केंद्र कामगारांच्या बाजूनं बोलू लागलं.

(रात्र. शेकोट्या.)

23 जून 1967. सान हुआन, म्हणजे संत जॉनच्या सणाची रात्र, कडाक्याच्या थंडीची. दारोदार शेकोट्या, गाणी, नाच. देशात लष्करशहा बारिएन्तोस यांची सत्ता, पगार कापलेले. दुसरीकडे डोंगरात क्रांतिकारक चे गेव्हारा यांचे गनिमी लढवय्ये लढत होते आणि कामगार त्यांना एका दिवसाची मजुरी देण्याच्या विचारात होते. पुन्हा तीच, एका दिवसाची मजुरी. 24 जूनच्या पहाटे, शेकोट्या विझायच्या आत, सैनिक वस्तीत शिरले आणि गोळीबार सुरू झाला. अंगणात, दारात, अंथरुणात माणसं पडली. सैन्यानं संघटनेची कचेरी आणि रेडिओ ताब्यात घेतला. तिथंच लढताना कामगारनेते रोसेन्दो गार्सिया माइस्मान मारले गेले.

बंदूकवाल्यांना रेडिओची जागा नेमकी ठाऊक असायची. यंत्रं फोडली जायची, कामगार पुन्हा वर्गणी काढायचे.

17 जुलै 1980. जनरल गार्सिया मेसा यांनी सत्ता बळकावली. सरकारचं ठाणं असलेल्या ला पाझमधली केंद्रं सैन्याच्या हाती गेली. मग खाणींची केंद्रं एकमेकांना जोडली गेली. एकाचं प्रक्षेपण दुसऱ्यानं उचलायचं, पुढं द्यायचं. देशात खरं काय चाललंय, ते दिवसेंदिवस या साखळीवरून ऐकू येत होतं. सैन्य एकेका खाणीवर चालून आलं, तसतशी एकेक कडी तुटत गेली. ‘रादिओ आनिमास’च्या अखेरच्या प्रक्षेपणाचं ध्वनिमुद्रण आजही आहे. सैनिक अगदी जवळ आलेत, आम्ही प्रतिकाराच्या तयारीत आहोत, असं निवेदक सांगतो.

ही केंद्रं त्यानंतरही पुन्हा उभी राहिली.

(ओसाड रूळ. बंद कचेरी.)

1985 मध्ये सैनिक आले नाहीत. ऑगस्टमध्ये सरकारनं सरकारी खर्च आणि नोकऱ्या कापणारा 21060 क्रमांकाचा हुकूम काढला, ऑक्टोबरमध्ये जगाच्या बाजारात कथिलाचा भाव कोसळला. सरकारी खाणींतून वीस हजारांहून जास्त कामगारांना काढून टाकलं गेलं. गाद्या, भांडी, पोरं घेऊन बिऱ्हाडं ट्रकमध्ये चढली. कुणी ला पाझशेजारच्या एल आल्तोला गेलं, कुणी चापारेच्या जंगलात कोकाची शेती करायला.

पगारच नव्हता, तेव्हा कापून द्यायला एका दिवसाची मजुरीही नव्हती. एकामागून एक केंद्रं बंद पडली.