युरेनियम काढल्यावर उरलेल्या पाण्यातलं स्कँडियम

रशियाच्या कुर्गान प्रांतात दालुर ही युरेनियमची खाण आहे. खाण म्हटलं तरी तिथे बोगदा नाही आणि खड्डाही नाही. जमिनीत ओळीनं बोअर मारलेल्या आहेत. काही बोअरमधून पातळ गंधकाम्ल खाली सोडतात. ते वाळूच्या थरातून झिरपत जातं, वाटेत युरेनियम विरघळवतं आणि शेजारच्या बोअरमधून पंपानं वर येतं. पण आम्ल काही निवडून विरघळवत नाही. युरेनियमबरोबर लोखंड येतं, ॲल्युमिनियम येतं आणि स्कँडियम नावाचा महागडा धातूही अगदी थोडा येतो. दालुरनं गेल्या दशकात याच द्रावणातून स्कँडियम काढायला घेतलं.

थोडं म्हणजे किती? लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम धरा. तासाला १,००० घनमीटर द्रावण फिरत असेल, तर तासाला अर्धा किलो आणि दिवसाला १२ किलो स्कँडियम आपल्या पाइपातून वाहतंय. ते विरघळवायचा आणि वर आणायचा खर्च युरेनियमनं आधीच उचललाय. आपल्याला फक्त वेचायचंय, आणि सगळी मेख तिथेच आहे.

युरेनियम गंधकाम्लातल्या सल्फेटशी जोडून ऋणभारित होतं, म्हणून ते ऋणायन रेझिनवर, म्हणजे ऋणभारित कण धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकसारख्या मण्यांवर, अडकतं. स्कँडियम त्या रेझिनला फारसं दाद देत नाही, पुढे निघून जातं. त्यासाठी फॉस्फॉनिक गटाच्या, म्हणजे फॉस्फरसयुक्त, रेझिनचा दुसरा कॉलम (मणी भरलेली उभी टाकी) लागतो. तो कुठे बसवायचा? युरेनियमच्या कॉलमनंतर, पण द्रावण परत जमिनीत सोडण्यासाठी त्यात नवं आम्ल घालण्याआधी. आम्ल वाढलं की हायड्रोजन आयन रेझिनवरच्या जागा बळकावतात आणि पकड ढिली पडते. कॉलम दोन टाक्या पुढे सरकला तरी हा फरक पडतो.

दुसरा वाटेकरी लोखंड. ते स्कँडियमच्या हजारपट असतं आणि त्याचं फेरिक (तीन धनभारांचं) रूप त्याच रेझिनला चिकटतं. फेरिकचं फेरस (दोन धनभारांचं) केलं की ते सुटतं, हे खरं. पण हेच फेरिक जमिनीखाली युरेनियमचं ऑक्सिडीकरण करतं, म्हणून ते विरघळतं. मुख्य प्रवाहातलं फेरिक मारलंत तर स्कँडियमपायी युरेनियम गमावाल. म्हणून मुख्य प्रवाहाला हात लावू नये. भरलेलं रेझिन बाजूला घेऊन गंधकाम्लानं धुवावं, जमेल तेवढं लोखंड तिथे उतरवावं आणि मगच सोडियम कार्बोनेटच्या दाट द्रावणानं स्कँडियम सोडवावं. धुण्यात कुचराई झाली, तर कार्बोनेट लागताच लोखंडाचा तपकिरी साका कॉलममध्येच बसतो आणि प्रवाह तुंबतो.

रेझिनऐवजी द्रवरूप सेंद्रिय निष्कर्षक, म्हणजे पाण्यातून धातू ओढून घेणारं तेलकट द्रव, मुख्य प्रवाहात वापरायला माझा ठाम विरोध आहे. हे द्रावण पुन्हा जमिनीत जातं. त्यातले तेलकट थेंब आधी युरेनियमचं रेझिन खराब करतात, मग बोअरच्या जाळ्या बुजवतात, आणि शेवटी भूजलाच्या थरात राहतात. रेझिनवरून उतरवलेल्या काही घनमीटर द्रावणावर ती पद्धत खुशाल वापरा.

आता थोरियम, द्रावणात सोबत येणारा किरणोत्सर्गी धातू. कार्बोनेटमध्ये ते स्कँडियमबरोबरच विरघळतं आणि ऑक्झॅलेटनं साका पाडला तर साक्यातही सोबत येतं. म्हणजे ऑक्झॅलेटवर भिस्त ठेवून चालत नाही. त्याआधी माल ७–८ मोलर, म्हणजे चांगल्या दाट, नायट्रिक आम्लात घेऊन ऋणायन रेझिनवरून सोडावा लागतो. तिथे थोरियम ऋणभारित होऊन अडकतं, स्कँडियम पार होतं. मग ऑक्झॅलेट, मग भट्टी, आणि हाती येतं पांढरं स्कँडियम ऑक्साइड.

इथे तपासणीत हमखास फसगत होते. युरेनियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासाच्या साखळीतून येणारं थोरियम-२३० हे नेहमीच्या थोरियम-२३२ पेक्षा ग्रॅमामागे दीड लाख पटींहून जास्त किरणोत्सर्गी असतं. वजनात ते इतकं कमी असतं की रासायनिक विश्लेषणात थोरियम ‘जवळजवळ नाही’ असंच दिसतं. त्याच भुकटीचा नमुना अल्फा मोजणीला (त्यातून निघणारे अल्फा किरण मोजायला) लावा, आकडा वेगळाच येईल. प्रत्येक घाणा बाहेर पाठवण्याआधी ही मोजणी करावी, रासायनिक अहवाल कितीही स्वच्छ असला तरी.